शेवटी मिठी न मारणारा विनोद कुणाकुणाला आवडतो?

कारल्याची_भाजी

आधी थोडं रडगाणं, मग प्रश्न.

मला दुष्ट विनोद आवडतो. दुष्ट म्हणजे शिवराळ नव्हे. हल्ली 'डार्क कॉमेडी' म्हणून रक्ताची थारोळी आणि मागे मंद गिटार असं जे खपवतात, तेही नव्हे. माझी आवड त्याहून बरीच क्षुल्लक आहे. माणसं कोती आहेत, हिशेबी आहेत, मयताला गेल्यावरसुद्धा नव्या चपला कुणी उचलणार नाही अशा कोपऱ्यात काढून ठेवतात, आणि गोष्ट संपेपर्यंत तशीच राहतात. कुणाला उपरती होत नाही, कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. असं काही दिसलं की मी खूश.

अडचण अशी की आपल्याकडे असलं काही सुरू झालं तरी शेवटची वीस मिनिटं आली की त्याचा पाक होतो. दोन तास एकमेकांना टोप्या घालणारी माणसं एकदम हात जोडून उभी. पाठीमागे बासरी. कुणीतरी म्हातारं माणूस 'झालं गेलं विसरून जा' म्हणतं आणि सगळे लगेच विसरतात. मी अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवते (गाव मिरज, कॉलेजचं नाव नको), त्यामुळे असेल, पण मला ते मोठ्ठं बुडीत कर्ज मार्चअखेरीला एका नोंदीत निकालात काढल्यासारखं वाटतं. अहो, पैसे गेलेत ना? मग गेलेले दाखवा.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. तुमच्यासारखाच मलाही तोंडपाठ आहे. पण त्यातला कुठला भाग मला जीव लावतो? सुरुवातीचा. धनंजय माने इस्राईलहून येणाऱ्या मधुमेहाच्या औषधाच्या नावाखाली घरमालकाला सत्तर रुपयांचा चुना लावतो, आणि सुधीर जोशींचा तो सरपोतदार सत्तर रुपयांसाठी जीव टाकतो. दोघंही तितकेच कंजूष, तितकेच बेरकी. कुणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही, म्हणून दोघांनाही हसता येतं. शेवटाकडे मात्र गोडाधोडाचं जेवण वाढायला घेतात. राग नाही, फक्त माझं पोट तोवर भरलेलं असतं.

'साइनफेल्ड' ही अमेरिकन विनोदी मालिका मी फार उशिरा पाहिली. अमेरिकेत ती १९८९ ते १९९८ चालली, आमच्या घरी पोचली ती नेट नीट आल्यावर. तिच्या कर्त्यांपैकी एक, लॅरी डेव्हिड, याने लेखकांना घालून दिलेला नियम प्रसिद्ध आहे: मिठ्या नाहीत, धडे नाहीत. १९९६ च्या मोसमाच्या शेवटी चार मुख्य मित्रांपैकी जॉर्जची होणारी बायको सुझन मरते. का, तर याने लग्नाच्या पत्रिका सगळ्यांत स्वस्तातल्या निवडलेल्या, आणि शेकडो पाकिटांचा डिंक चाटून चाटून तिला विषबाधा होते. हॉस्पिटलात चौघे मित्र क्षणभर गप्प उभे राहतात. मग कॉफी प्यायला जातात. बस. मी सोफ्यावर लोळून हसत होते आणि नवरा माझ्याकडे असा बघत होता की बहुतेक घरातला डिंक लपवून ठेवावा असं त्याच्या मनात आलं असणार.

नवऱ्याचं सांगायचं तर तो अतिशय सज्जन माणूस आहे. पडद्यावर कुणाची फजिती होणार असं दिसलं की तो चहा टाकायला उठतो. असे दोन भाग सलग पाहिले की घरात चार कप चहा तयार. सासूबाई मात्र माझ्या पार्टीत. त्यांना इंग्रजी फारसं कळत नाही, पण 'फॉल्टी टॉवर्स' या ब्रिटिश मालिकेतला तो हॉटेलवाला बेसिल, गाडी बंद पडल्यावर आधी तिला शेवटची ताकीद देतो, मग झाडाची फांदी तोडून आणतो आणि गाडीला बडवतो, ते त्यांनी मला तीनदा मागे घ्यायला लावलं. वर म्हणाल्या, "बायकोला घाबरतो ना, म्हणून गाडीला मारतोय." एका वाक्यात समीक्षा संपली.

तर प्रश्न: मराठीत, किंवा भारतात कुठेही, शेवटपर्यंत न विरघळणारं काही आहे का? 'जाने भी दो यारों' (१९८३) माहीत आहे, ते माझं दैवत आहे. प्रामाणिक दोघे शेवटी कैद्यांच्या कपड्यांत, आणि मागे 'हम होंगे कामयाब'. त्याच्या पुढचं सांगा. टीव्हीवरची स्किटं कृपया सुचवू नका. पुरुषाला साडी नेसवली, जाड बाईला जाड म्हटलं, तोतऱ्याची नक्कल केली, यात मला दुष्टपणाही नीट दिसत नाही, नुसता आळस दिसतो.

---

सदाशिवकर

कारलेताई, 'मराठीत आहे का' हा प्रश्न वाचून आमच्या पिढीच्या माणसाने कपाळावर हात मारून घ्यावा. 'महानिर्वाण' नावाचं नाटक कानावर आलंय का? सतीश आळेकर, १९७४, थिएटर अकॅडमी, पुणे. आळेकर तेव्हा बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट्रीत. मला नेहमी वाटत आलंय की मेलेल्या माणसाकडे इतक्या थंड डोक्याने बघायला प्रयोगशाळेतली नोकरीच लागते.

गोष्ट अशी. चाळीतले भाऊराव मरतात. आणि मेल्यावर स्वतःच्या मरणाचं कीर्तन स्वतःच करतात! आनंद मोडकांचं संगीत, भाऊरावांच्या भूमिकेत चंद्रकांत काळे, मुलगा नाना म्हणजे खुद्द आळेकर. भाऊरावांचा हट्ट एकच, मला जुन्या स्मशानातच जाळा, नव्या ठिकाणी मी जळणार नाही. जुनं तर बंद झालेलं. मग प्रेताचं करायचं काय? ते घरातच ठेवलं जातं, दिवस जातात, आणि प्रेत नासायला लागतं. विधवा रमाबाईंचा विलाप चालू असतो आणि त्यात मधूनच त्यांचं लक्ष एका काळ्या चष्म्याच्या गृहस्थाकडे जातं. चाळकरी मदतीला धावतात, म्हणजे चाळकरी जसे धावतात तसे.

मी ते ऐंशीच्या दशकात भरत नाट्य मंदिरात पाहिलं, कॉलेजात होतो. शेजारी एक गृहस्थ बसले होते, धोतर-कोट. पहिला अर्धा तास ते हूं का चूं करेनात. मला वाटलं आता उठून जाणार. मग कीर्तनाच्या चालीत काहीतरी अत्यंत अभद्र आलं आणि त्यांना असं हसू फुटलं की खोकल्याची उबळ आली, डोळे पुसायला उपरणं काढावं लागलं. मध्यंतरात मला म्हणाले, "मागच्या महिन्यात वडील गेले आमचे." आणि बटाटेवड्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

शेवट सांगत नाही. संहिता पुस्तकरूपात आहे, मिळवून वाचा. आणि ते पचलं तर त्यांचंच 'बेगम बर्वे' (१९७९). संगीत नाटकात स्त्रीभूमिका करण्याची हौस राहून गेलेला, उदबत्त्या विकणारा बर्वे, आणि जावडेकर-बावडेकर हे दोन कारकून. त्यांचं सामाईक स्वप्न शेवटी फुटतं आणि फुटताना कुणी कुणाला सांभाळून घेत नाही. मात्र त्यात हसता हसता आवाज बंद होतो, ही पूर्वसूचना.

अवांतर: 'पाक होतो' हा शब्दप्रयोग चोरतोय.

---

तिरफळ

काय गो बाये, दुष्ट म्हणजे शिवराळ न्हय म्हणतंस? मगे आमी मालवणी मेलवच!

(आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर सदाशिवकर शुद्धलेखन तपासतील.)

गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' बघितलं नाहीस का? १९८० साली आलं, मच्छिंद्र कांबळींनी पाच हजारांवर प्रयोग केले. गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात, एवढीच गोष्ट. कुणाला पाठांतर नाही, कुणाला प्रवेश कधी घ्यायचा ते ठाऊक नाही, आणि तात्या सरपंच सगळ्यांच्या आयमायचा उद्धार करतायत. तुझ्या नियमात ते चपखल बसतं बघ. नाटक संपेपर्यंत कुणीही सुधारत नाही. कुणालाही अभिनय येऊ लागत नाही. 'गावाने एकदिलाने काम केलं आणि प्रयोग यशस्वी झाला' असा शेवट मुंबईच्या एखाद्या सिनेमावाल्याने नक्की केला असता. इथे शेवटी गोंधळच.

आणि शिवीचं म्हणशील तर शिवी हा आमच्याकडे विरामचिन्हाचा प्रकार आहे. माझे काका आंब्याच्या कलमाला शिव्या घालतात, एसटीला घालतात, गणपती उशिरा आणला म्हणून भटजीला ऐकू जाईल न जाईल अशा बेताने घालतात. शिमग्यात तर बोंब मारून शिव्या द्यायची परंपराच. वर्षभर ज्याच्याशी बांधावरून दावा चालू आहे त्याच्या दारात उभं राहून त्याचं नाव घेऊन बोंब मारायची, आणि त्याने हसून नारळ द्यायचा. दावा मिटत नाही हां. दुसऱ्या दिवशी परत कोर्टाची तारीख. हे तुला आवडेल.

दशावतार बघ कधीतरी रात्री जागून. मुख्य आख्यान सुरू व्हायच्या आधी संकासुर येतो, काळा मुखवटा, मालवणीत बोलतो आणि कुणालाही सोडत नाही, देवाला नाही आणि समोर बसलेल्या सावकारालाही नाही. बालपणी मी त्याला घाबरायचो आणि तो जाऊ नये असंही वाटायचं.

---

मोगरी

मी जरा मीठ घालते या पाकात.

फिशपॉन्ड आठवतात का कुणाला? कॉलेजच्या गॅदरिंगला एक पेटी ठेवायची, चिठ्ठ्या टाकायच्या, नाव लिहायचं नाही. मग स्टेजवरून दोघंजण वाचणार, पाचशे मुलं हसणार. माझ्या वाट्याला वजनकाट्यावरची चारोळी आली होती. यमक बरं जुळवलं होतं, हे मी तेव्हाही मान्य केलं असतं. हसले मी, कारण न हसणाऱ्या मुलीवर पुढल्या वर्षी दोन येतात. हाही एक दुष्ट, विक्षिप्त, शेवटी मिठी न मारणारा विनोदच झाला की. तो का नाही आवडत तुम्हाला? की आवडतो? अकाउंट्सच्या मॅडमवर फिशपॉन्ड पडत नसतील असं मी मानायला तयार नाही.

मला हे 'दुष्ट विनोद आवडणारे' लोक नेहमी ऐटीत असतात असं वाटतं. जणू त्यांची जीभ जास्त तयार आहे आणि आम्ही अजून गुळाचा चहा पितोय. डिसेंबर २०१४ मध्ये वरळीला एआयबी या विनोदी मंडळींचा तो मोठा रोस्ट (म्हणजे पाहुण्यांची तोंडावर जाहीर टवाळी) झाला, आठवतो? स्टेडियमभर माणसं, स्टेजवर नट. व्हिडिओ नेटवर आला, पोलीस तक्रारी झाल्या, काही दिवसांत उतरवला गेला. मी तेव्हा तक्रारी करणाऱ्यांवर चिडले होते, आजही चिडते. पण नंतर बसून पाहिलं तर त्यातले कितीतरी विनोद रंग आणि वजन यांवरच होते. तेच फिशपॉन्ड, फक्त तिकिटं महाग. फरक इतकाच की तिथे बसलेले स्वतःहून बसले होते. माझ्या चिठ्ठीला मला कुणी विचारलं नव्हतं.

तर कारलेताई, तुमचा बेसिल त्या स्पॅनिश वेटरला टपल्या मारतो तेव्हा तुम्ही कुणाला हसता? खरं सांगा.

---

कारल्याची_भाजी

सदाशिवकर, 'महानिर्वाण'चं नाव ऐकलं होतं, कीर्तन आहे म्हटल्यावर मला ते काहीतरी सांस्कृतिक वाटलं आणि मी लांब राहिले. पुस्तक मागवलंय. तिरफळ, शिमग्याचा नारळ आणि दुसऱ्या दिवशीची तारीख, यावर मी कुर्बान.

मोगरी, तुमचा प्रश्न टाळणार नाही. माझ्यावर फिशपॉन्ड पडतात, दरवर्षी. यंदा 'ताळेबंद जुळेना' छापाचा होता, फारच सौम्य. मी विद्यार्थिनी असताना लिहिलेही आहेत, पण वजनावर कधी नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. जाड माणूस जाड आहे. पुढे? आमच्या वर्गात एक मुलगा होता, डबा नेहमी बाकाच्या खाली उघडायचा, वाटायला लागू नये म्हणून. त्याच्यावर लिहायला मजा आली. वजन कुणी निवडलेलं नसतं, डबा लपवणं त्याने निवडलेलं असतं. मी तिथे रेघ मारते.

बेसिलचं. मी बेसिलला हसते, नेहमी बेसिललाच. मॅन्युएलला टपली बसते तेव्हा मूर्ख ठरतो तो मारणारा, कारण त्याचं वेटरपुढे काही चालत नाही, गिऱ्हाइकांपुढे नाही, बायकोपुढे तर नाहीच. हॉटेलात कुणी सरदार किंवा लॉर्ड आला की हा कमरेत वाकतो आणि साध्या माणसाला पाणी विचारत नाही. हे कॅमेरा आपल्याला अर्धा तास दाखवतो. तुमच्या फिशपॉन्डमध्ये दुष्टपणा करणारा पेटीमागे लपलेला असतो आणि उजेड तुमच्या तोंडावर. बेसिलचं उलट आहे, उजेड सगळा त्याच्याच तोंडावर. हे तुम्ही विचारलंत म्हणून मला नीट सांगता आलं. आधी नुसतं 'आळस' म्हणून मोकळी झाले होते.

आणि गंमत म्हणजे बेसिल अस्सल माणसावरून घेतलेला. १९७० मध्ये माँटी पायथन या विनोदी चमूची मंडळी चित्रीकरणासाठी इंग्लंडातल्या टॉर्कीच्या ग्लेनईगल्स हॉटेलात उतरली होती. मालकाने त्यांच्यातल्या अमेरिकन टेरी गिलियमला काटा-सुरी धरण्यावरून झापलं आणि एरिक आयडलची बॅग बाहेर भिंतीपलीकडे नेऊन ठेवली, आत बॉम्ब असेल म्हणून. आत गजराचं घड्याळ होतं. बाकीचे दुसऱ्या हॉटेलात निघून गेले, पुढे बेसिल झालेला जॉन क्लीज मात्र तिथेच राहिला. मला हे त्या मालिकेइतकंच आवडतं. सज्जन माणूस बॅग उचलतो, हॉटेल बदलतो, तक्रार लिहितो. हा बसून बघत राहिला! त्याने आणि कॉनी बूथने मिळून ते लिहिलं, १९७५ मध्ये सहा भाग आणि १९७९ मध्ये सहा. बारा भागांवर थांबले. आपल्याकडे बारा भागांत सूनबाईंचं गृहप्रवेशाचं माप ओलांडून होत नाही.

---

थेम्सकाठचा

रेडिंगहून. रोज लंडनला जाताना गाडी स्लाव स्टेशनवरून जाते, म्हणून बोलायचा हक्क बजावतो.

कारल्याताई, तुमच्या नियमाची खरी परीक्षा 'द ऑफिस' आहे. मूळ इंग्लंडचं, बीबीसीचं, २००१ चं. स्लावमधली कागद विकणारी कंपनी, रिकी जर्व्हेसचा साहेब डेव्हिड ब्रेंट. त्यात हसण्याचा आवाज मागे घातलेला नाही. विनोद फसला की शांतता, आणि ती शांतता कापत नाहीत. कॅमेरा डॉक्युमेंटरीवाल्यांचा असल्यामुळे ब्रेंट प्रत्येक वेळी हळूच कॅमेऱ्याकडे बघतो, की आपण छान दिसतोय ना. मी पहिला भाग पाहिला तेव्हा इथे नोकरीला नवीन होतो, आमचा टीम लीडर हुबेहूब तसा. शुक्रवारी गिटार घेऊन आला नाही एवढंच. तुमच्या नवऱ्यासारखा मीसुद्धा उठून गेलो होतो, पण दारात उभा राहून बघत होतो.

आता परीक्षा. दुसऱ्या मोसमाच्या शेवटाकडे ब्रेंटला नोकरीवरून काढतात. हा माणूस आतापर्यंत नको नको झालेला असतो. आणि तो एकदम हात जोडतो, काढू नका म्हणतो. कुणी मिठी मारत नाही, कुणी त्याला परत घेत नाही. तुमच्या नियमाप्रमाणे आदर्श शेवट. पण मला तिथे घशात आवंढा आला. विनोद दुष्ट राहिला आणि मी नाही राहिलो. याचं काय करायचं?

पुढे २००३ मध्ये ख्रिसमसचे दोन भाग आले आणि त्यात थोडा पाक झाला, हे कबूल. ऑफिसातल्या टिम-डॉनचं जुळतं वगैरे. तरी मला ते भाग जास्त प्रिय आहेत. अमेरिकन आवृत्ती २००५ ला आली, पहिला भाग जवळजवळ इथलाच उचललेला, आणि दुसऱ्या मोसमापासून त्यांनी साहेबाला जाणूनबुजून जरा प्रेमळ केलं. म्हणून ती २०१३ पर्यंत चालली. ब्रेंटबरोबर नऊ मोसम कोण काढणार?

---

सदाशिवकर

हाच मुद्दा मला अंतू बर्व्याबद्दल मांडायचा होता. पु.लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'त रत्नागिरीच्या मधल्या आळीचा हा म्हातारा कुणाचंही बरं बोलत नाही. गावात वीज आली तर म्हणणार, उजेडात बघायचं काय, दळिद्रच ना. कारलेताईंना अपेक्षित असलेला अस्सल, खवचट, कुणाला न विरघळणारा माणूस. शेवटाकडे पु.लं. त्याला बायकोच्या आठवणीने हळवा करतात. तो पाक की आवंढा?

---

तिरफळ

पाक. पु.लं. पार्ल्याचे, त्यांना राहवलं नाही. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातला खरा अंतू शेवटपर्यंत कुणाला पत्ता लागू देणार नाही की त्याला बायकोची आठवण येते. परगावच्या माणसाला तर मुळीच नाही.

---

सदाशिवकर

तिरफळ, असहमत. तो कुणाची माफी मागत नाही. पुढल्या वाक्याला परत खवचट होईल अशीच ती शांतता आहे. ब्रेंटही नोकरी परत मिळाल्यावर सुधारला असता का? नाही. एवढं पाळलं तर आवंढ्याला माझी हरकत नाही. माणूस बदलला नाही, फक्त त्याचं काय दुखतंय ते क्षणभर दिसलं.

---

कारल्याची_भाजी

सदाशिवकर, पटलं, आणि पटलं याचा थोडा राग आला.

माझा नियम मग असा करूया: दुखलेलं दाखवा, पण हिशेब मिटवू नका. स्वतः लॅरी डेव्हिडने हेच केलंय. 'साइनफेल्ड'चा शेवटचा भाग १९९८ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे साडेसात कोटी लोकांनी पाहिला, आणि पुष्कळ जण भडकले. चौघे एका जाड माणसाला लुटताना बघतात, मदत करायच्या ऐवजी चित्रण करतात आणि टवाळी करतात (मोगरी, बघा, इथेही वजन आलंच, पण शिक्षा टवाळांना आहे). खटला भरतो, नऊ वर्षांत ज्यांना ज्यांना छळलं ते सगळे साक्षीला येतात, आणि चौघांना एक वर्षाची कैद. कोठडीत बसूनही शर्टाच्या बटणाबद्दल बोलतात. लोकांना वाटलं होतं लग्न होईल, मिठी होईल. पंचवीसेक वर्षं शिव्या खाल्ल्यावर २०२४ मध्ये त्याने स्वतःची दुसरी मालिका, 'कर्ब युअर एन्थुझिअॅझम', पुन्हा खटल्यावरच संपवली. मतदानाच्या रांगेत उभ्या बाईला पाण्याची बाटली दिली, जॉर्जियात तो गुन्हा, म्हणून अटलांटाच्या कोर्टात. पुन्हा तीच साक्षीदारांची रांग. शेवटच्या भागाचं नावच 'एकही धडा घेतला नाही' अशा अर्थाचं. लोकांनी नाकारलेला शेवट त्याने दुरुस्त नाही केला, परत तोच वाढला. मला तर त्या हट्टापुढे लोटांगण घालावंसं वाटतं.

---

मोगरी

रेघेचं उत्तर मला अर्धं पटलं. डबा लपवणारा मुलगाही कदाचित घरी दुसरा डबा नसणारा असेल, ते पेटीत चिठ्ठी टाकणाऱ्याला कुठून कळणार? लेखकाला कळतं, कारण तो माणूस त्यानेच बनवलेला असतो. खऱ्या माणसांबद्दल मला तुमची रेघ चालणार नाही. बनवलेल्यांना खुशाल छळा.

आणि असं बनवलेलं एक सुचवते, म्हणजे मी नुसतीच गुळाचा चहा पिणारी नाही हे सिद्ध होईल. 'ई.मा.यौ.', मल्याळम, २०१८, दिग्दर्शक लिजो जोस पेल्लिसेरी, लेखन पी. एफ. मॅथ्यूज. कोचीजवळ चेल्लानमचा समुद्रकिनारा, कोळी ख्रिस्ती वस्ती. म्हातारा बाप दारूच्या भरात मुलाकडून कबूल करून घेतो की माझी अंत्ययात्रा झोकात काढायची, बँड लावायचा. आणि त्याच रात्री मरतो. पैसा नाही, पाऊस थांबत नाही, गावात कुजबुज सुरू होते की हा मेला की मारला, पाद्रीसाहेब स्वतः डिटेक्टिव्ह झालेले, आणि मयताची दुसरी बायको भर गर्दीत हजर. सदाशिवकरांच्या भाऊरावांचा मल्याळी भाऊच. मी हसत होते आणि मधेच लक्षात आलं की खोलीत मी एकटीच आहे, सबटायटल्स वाचून कुणाला हसवताही येत नाही. शेवट बिलकुल पाक नाही. पाऊस मात्र भरपूर.

---

थेम्सकाठचा

मोगरी +१. तो मी इथे मल्याळी शेजाऱ्यांकडे पाहिला. ते सगळे हसताना एकमेकांना नातेवाइकांची नावं सांगत होते, "हा आपला अमका मामा." मला वाटतं प्रत्येक घरात मयताच्या वेळी मंडप, बर्फ आणि खुर्च्यांच्या भाड्यावर तावातावाने बोलणारा एक काका असतोच. आमच्याकडे तो मीच होणार अशी लक्षणं आहेत.

---

कारल्याची_भाजी

तर यादी अशी झाली: आधी 'ई.मा.यौ.', सासूबाईंना सबटायटल्स वाचून दाखवायची जबाबदारी माझी. मग 'महानिर्वाण' वाचून. 'वस्त्रहरण'चं जुनं ध्वनिमुद्रण कुणाकडे चांगल्या आवाजाचं असेल तर सांगा, यूट्यूबवर मिळालं त्यात प्रेक्षकच जास्त ऐकू येतात. 'द ऑफिस' इंग्लंडचं, दोन मोसम, बारा भाग. तिथे थांबणार. ख्रिसमसचे भाग बघणार नाही.

---

थेम्सकाठचा

बघाल.